हिरवी ती सारजाची

प्रिय नंदिनी,

पाकिटावर रहेमतबीचं नाव बघून चक्रावू नकोस, आत मीच आहे, तुझी आजी. कारण सांगते, पण आधी तुझ्या कामाचं, नाहीतर विसरेन.

दिवाळीत तू सांगितलेलं मी चुलीपुढं बसून चार दिवस घोळवलं. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर, नुसता मानलेला. त्याला बाहेर जायची सोय नाही. मग तू लिहिलेला प्रोग्राम त्याची चिठ्ठी स्वतःच्या नावावर बाहेर नेतो आणि उत्तर आलं की ज्याचं त्याला आत आणून देतो. वरच्या साहेबाची खास परवानगीही लागत नाही. अगं, ही तर आमची रहेमतबी बांगडीवाली!

मी बावड्याला नांदायला आले तेव्हा आम्हा चौघी जावांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची चोरी. माहेरी पत्र लिहिलं तर सासरे आधी वाचायचे. पण बांगड्या भरायला रहेमतबी थेट माजघरात. हात तिच्या हातात दिला की निरोप तिच्या कानात. गावोगाव फिरताना ती माझ्या आईला विचारायची, जणू स्वतःचीच चौकशी, आणि उत्तर घेऊन यायची. एकदा मात्र घोळ झाला. थोरल्या जावेच्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते आणि माझ्या आईच्या म्हशीला गिऱ्हाईक. उत्तरांची अदलाबदल झाली. थोरलीला कळलं, ‘दात बघितलं, पाठीवर थाप मारली, पसंत हाय, मंगळवारी दावं लावून नेत्यात.’ दोन दिवस जेवली नाही बिचारी. आणि मला कळलं, ‘नाक बसकं म्हणून नको म्हनले.’ म्हशीचं नाक कशाला बघायचं म्हणून मी पण फणफणले! तेव्हापासून रहेमतबीनं रंग ठरवून दिले. हिरवी काच ती सारजाची, म्हणजे माझी, लाल ती थोरलीची. निरोपाबरोबर काचेचा तुकडा यायचाच. पुन्हा चूक नाही.

तू लिहिलंस, सोमवारी मीटिंगमध्ये साहेब तुझं वर्षाचं काम ‘इतर’मध्ये टाकणार, त्याला वेगळं नाव कशाला म्हणतात. मुळीच टाकू देऊ नकोस. माझ्या फडताळात ‘इतर’चा डबा आहे. परवा त्यातले वेलदोडे म्हणून चहात घातले ते भोपळ्याचं बी निघालं. तुझे आजोबा पिऊन म्हणाले, ‘आज च्या झ्याक झालाय.’ तू मसाल्याच्या डब्यासारखं कर. बाहेर नेण्याचं एका वाटीत, आत आणण्याचं दुसरीत, आणि कुठला रंग कुणाचा ती यादी वेगळ्या वाटीत. नाव ठेव रहेमत. आजोबा म्हणतात, ‘माझं ठेव की, बापूसाहेब.’ पण त्यांनी जन्मात एक निरोप धड पोचवलेला नाही. रहेमतबीला विचारलं, इंदापूरला नातवाकडं असते आता. हसून हसून ठसका लागला तिला. म्हणाली, ‘द्या नाव, पर लाल-हिरवं सांभाळा म्हनावं.’

आता पाकिटाचं. हे मिळेपर्यंत तुला तार आली असेल, ‘आजी सिरियस, ताबडतोब निघ.’ ती तुझ्या बापानं, संभाजीनं केली. मी ठणठणीत आहे, सकाळी तीन भाकऱ्या खाल्ल्या. सोमवारीच तुला बघायला पाहुणे येणार आहेत, म्हणून हा कावा. घरातलं पत्र संभाजीच पोस्टात टाकतो, मग हे रहेमतबीच्या नावावर, तिच्या नातवाच्या, मोईनच्या हातून पुण्याला. तू येऊ नकोस, मीटिंगला जा. पाहुण्यांना मी म्हैस दाखवते. पाकीट झटकून बघ, हिरवी काच पडेल. तारेबरोबर काच नव्हती ना? मग ती माझी नाही.

तुझीच, तीन भाकऱ्या पचवून बसलेली,
सारजाआजी