चालत्या काळजाला टाका

बाबा, तुम्ही चालत्या जिनमध्ये हात घालायचात. अकोल्याच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा मी दारातून बघत उभी राहायचे. पात्यापाशी सरकी अडकली की बाकीचे फिटर मशीन बंद करायचे. तुम्ही मात्र क्षणभर नुसतं ऐकायचात, आणि मग तुमचा हात पात्याच्या जोडीनं वरखाली होऊ लागायचा. सरकी काढून हात बाहेर. आई म्हणायची, या माणसानं लग्न जिनशी लावलंय, मी आपली डब्यापुरती. मला तर तुमचा भारी अभिमान होता. मग एक दिवस पट्टा घसरला, पातं मध्येच अडलं आणि तुमची दोन बोटं गेली. दवाखान्यात मी मशीनच्या नावानं बोटं मोडत होते तर तुम्ही मलाच रागावलात. "काहून शिव्या देऊन राहिली तिले? पातं वरतच जाईन, असं मीच धरून चाललो होतो."

आता मी तेच काम करते, फक्त हात यंत्राचा आहे. हृदय न थांबवता बायपास करायची तर टाका घालायची जागा सारखी हलत असते. आमचा यंत्रहात मागच्या ठोक्यांवरून पुढचा ओळखतो आणि सुईसकट हृदयाबरोबर हलतो. डॉक्टरांना पडद्यावर हृदय स्थिर दिसतं. अमरावतीला माझ्याकडे आलात तेव्हा हे सगळं ऐकून तुम्ही सदरा काढलात आणि माझ्याही ठोक्यांची नोंद घे म्हणून टेबलावर आडवे झालात. हात दाखवून अवलक्षण झालं. तुमचे ठोके मधूनच चुकत होते. त्यानंतर तुम्ही वर्षभरही जगला नाहीत. त्यालाही आता नऊ वर्षं झाली.

चाचणीसाठी आमच्याकडे एक रबरी हृदय आहे, ते माणसांच्या खऱ्या नोंदींवर धडधडतं. यंदा सगळ्या नोंदींवर हात चोख चालला, एक तुमची सोडून. तुमचा ठोका चुकला, हृदय जागीच राहिलं, हात मात्र ठरल्या वेळी पुढे गेला आणि सुई रबरात आरपार रुतली. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच. दुरुस्तीत आणखी एक वर्ष गेलं असतं आणि मी थकले होते. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं. मीच तुमच्या नोंदीपुढे 'सदोष' लिहिलं आणि ती काढून टाकली. नोंद घेताना उपकरण छातीवर नीट बसवलेलं नव्हतं, असं कारण दिलं. ते मीच बसवलं होतं, बाबा.

उद्या सकाळी आठला पहिला माणूस टेबलावर येतोय. पातूरचे निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांच्या मुलीनं काल मला आग्रहानं चहा पाजला आणि बराच वेळ माझा हात धरून ठेवला. नंतर जिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "ठोका चुकला तर? तपासलंय ना?" मी म्हटलं, "तपासलंय." शब्द खरा होता, म्हणून तर तोंडातून सहज निघाला. मला स्वतःची किळस आली.

दुपारपासून डॉक्टरांना फोन करायचं म्हणतेय आणि हे लिहीत बसलेय. तुम्हाला सांगून काहीच थांबत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमलं. डॉक्टरांना मी अजून फोन केलेला नाही.