आईच्या मांडीवरचं पुडकं

शनिवार, संध्याकाळ. प्लेनो, टेक्सस.

आई अजून बाल्कनीत बसली आहे. चहा नेऊन दिला, तो तसाच गार झाला.

तिला न्यायलाच नको होतं. पण माझे इथले मित्र, नेहा आणि समीर, गाडी घेऊन आले तशी ती चपला घालून तयार. "तुमच्या त्या जर्मन दुकानात ब्रेड छान मिळतो म्हणतेस ना? मीही बघते." मी बेकन, म्हणजे डुकराचं मांस, खाते हे तिला माहीत नाही. नव्हतं. नेहाला आधीच मेसेज केला होता, यार, आईसमोर फक्त ब्रेड.

दुकानात वर सॉसेज टांगलेले, धुराचा वास. आईने नाकाला ओढणी लावली. मी ब्रेडकडे बोट दाखवलं, तर काउंटरवरच्या बाईने हसून पांढऱ्या कागदातलं बेकन माझ्यापुढे ठेवलं. "युवर युज्वल!"

तुझं नेहमीचं. एवढं इंग्रजी आईला येतं.

समीर चटकन म्हणाला, "काकू, ते माझं आहे." तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पुडकं उचललं आणि घरी येईपर्यंत मांडीवर धरून बसली. घरात कधी अंडं येऊ दिलं नाही तिने, आणि मांडीवर ते पुडकं! का घेतलं असेल? हायवेभर मी मनात उत्तरं जुळवत होते, देवाधर्माची, बाबांना काय सांगायचं त्याची.

घरी आल्यावर तिनेच ते फ्रीजमध्ये ठेवलं. मग म्हणाली, "खातेस तर खा. पण त्या दुकानातल्या बाईला माहीत, आणि मला नाही?"

याचं उत्तर मी जुळवलंच नव्हतं.