पेशंटने हात हलवला

३ जून, सकाळी ६.१०

आजपासून नोंदी. केवळ शास्त्रीय कारणासाठी. ही वही दुसऱ्या कोणी वाचायची नाही. बायकोच्या हाती लागलीच तर तिने ती न उघडता जागेवर ठेवावी.

उजवा अंगठा उडतो. आपोआप. मी काही सांगितलेलं नसताना. काल दिवसभरात पाच वेळा. उजवी पापणीही फडफडते, पण उजवा डोळा लवणं पुरुषाला चांगलं असं आई म्हणायची, म्हणून ते मोजणार नाही.

कारण लगेच सापडलं. बॅग. सकाळी लॅबमध्ये आणि मग घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं म्हणजे ट्यूबा, सुया, कापूस, स्पिरिट, सगळं खांद्यावर. एकोणीस वर्षं तोच खांदा. उद्यापासून बॅग डाव्या खांद्यावर. प्रश्न मिटला.

गोळीचा यात काही संबंध नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे पुढे घोळ नको.

४ जून, रात्रीचं जेवण व्हायच्या आत

बॅग डावीकडे. अंगठा सात वेळा. खांद्याला सवय व्हायला वेळ लागणारच.

लॅबमध्ये मला 'डास' म्हणतात. काउंटरवरच्या ताईंनी ठेवलेलं नाव. चावतो आणि चावल्याचं कळतही नाही, म्हणून. मी वरवर रागावतो. खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

लॅबमध्ये चुकलेल्या टोचण्यांचं वेगळं रजिस्टर आहे. पहिल्या सुईत रक्त आलं नाही तर त्यात पेशंटचं नाव लिहून पुढे 'शेरा' या रकान्यात कारण द्यायचं. ज्यांना जमत नाही ते सगळे एकच कारण देतात: पेशंटने हात हलवला. पेशंट काय रजिस्टर बघायला येतो थोडाच? माझ्या अक्षरात त्या रजिस्टरमध्ये एकही ओळ नाही. असं लॅबमध्ये दुसऱ्या कोणाचं नाही.

७ जून

ताईंनी आज हळूच विचारलं, मी त्यांना डोळा का मारतो. तीन दिवस वाट पाहून विचारलं म्हणे. मी म्हटलं पापणी आहे. त्या म्हणाल्या, बरं. त्या 'बरं'मध्ये मला थोडी निराशा वाटली, पण तो माझा भ्रम असेल.

चहा बंद. पापणीचं कारण चहाच. अंगठा नऊ.

९ जून, दुपारी

मनाच्या डॉक्टरांकडे तिमाही फेरी. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं: झोप कशी, भूक कशी, हात थरथरतात का, कुठले स्नायू उडतात का. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. म्हटलं छे, काही नाही. मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट मागितला. या गोळीचं रक्तातलं प्रमाण दर तीन महिन्यांनी बघावं लागतं. म्हटलं चांगला आला, घरी राहिला.

रिपोर्ट घरी नाही. रिपोर्टच नाही. फेब्रुवारीपासून मी ती टेस्ट केलेली नाही. तोवर डॉक्टरांच्याच दवाखान्यात रक्त घ्यायचे, ते बंद झालं.

आमच्या लॅबमध्ये कशी करणार? ट्यूबवर नाव आणि टेस्ट दोन्ही छापून येतात. ती ट्यूब ताईंच्या हातातून जाणार, मशीनवाल्याच्या हातातून जाणार, लॅबच्या मालकीण मॅडम सही करणार. ही टेस्ट कोणाची करतात हे त्या लॅबमधल्या पंख्यालासुद्धा माहीत आहे. दुसऱ्या लॅबमध्ये जावं तर आमच्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात.

आणि अंगठ्याचं सांगितलं की गोळी बंद. गोळी बंद म्हणजे दोन वर्षांपूर्वीचे दिवस. पाच आठवडे झोपलो नव्हतो आणि घरी माशांच्या सात काचपेट्या आणल्या होत्या. त्यानंतर चार महिने भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. बायको चमच्याने भरवायची आणि भरवताना रेडिओ लावायची, म्हणजे मला ती रडतेय ते ऐकू येऊ नये. ऐकू यायचं. मला त्या भिंतीची भीती वाटते. दुसऱ्या कशाचीही नाही.

सात पेट्यांपैकी एक घरात राहिली आहे. तिच्यात छत्र्या ठेवतो.

११ जून, सकाळी ५.४५

तोडगा सापडला. इतका सोपा की हसू आलं. आपलं रक्त आपणच घ्यायचं. ट्यूबवर कुठलंतरी नाव टाकायचं. लॅबमध्ये मीच जमा करायचं. रिपोर्ट मीच उचलायचा. एकोणीस वर्षांचा अनुभव कधी कामाला येणार?

११ जून, सकाळी ६.३०

बाथरूमचं दार लावून बसलो. डाव्या हाताला पट्टा, एक टोक दातात. शीर दोरीसारखी वर. अशी शीर नवशिक्यालाही सापडते.

पहिली सुई: अंगठा उडाला. दुसरी: आत गेली, पण ओढताना अंगठा उडाला. तिसरीबद्दल लिहीत नाही.

बायको बाहेरून विचारत होती, पडलात का. म्हटलं दाढी करतोय. ती म्हणाली, दाढी करताना तुम्ही स्वतःला "मूठ घट्ट करा" असं का सांगता?

शेरा: पेशंटने हात हलवला.

आता या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट. पांढरा, रुबाबदार दिसतो.

१४ जून

आज मोठ्या बाई. निवृत्त मुख्याध्यापिका, वय ब्याऐंशी, शिरा दोऱ्यासारख्या बारीक, शिवाय रक्त पातळ करायचं औषध चालू. सहा वर्षं दर दहा दिवसांनी मीच जातो. दुसऱ्या कोणाला त्या दारातूनच परत पाठवतात. मी जायच्या आधी हात उशीवर मांडून ठेवलेला असतो, आणि सुई जाईपर्यंत त्या मला बातम्या सांगतात.

आज दोनदा टोचावं लागलं. बाई पहिल्या सुईनंतर थांबल्या आणि म्हणाल्या, घ्या पुन्हा. हात तसाच. भिंतीवरचं घड्याळ हलेल, बाई हलणार नाहीत.

मी म्हटलं, वयाने शिरा निसटतात हल्ली.

रजिस्टर भरावं लागलं. खूप विचार केला. बॅग, असं लिहिता येत नाही. शेवटी लिहिलं, पेशंटने हात हलवला. सगळेच लिहितात. बाईंना काय फरक पडतो?

अंगठा चौदा. शिवाय पोटरी.

१७ जून

काल मॅडमनी बाईंना फोन केला. औषधामुळे रक्त लवकर थांबत नाही, तेव्हा टोचताना हात कृपया स्थिर ठेवा, असं नम्रपणे सांगितलं. मॅडम मला म्हणाल्या, बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि आभार मानले.

आज जेवण गेलं नाही.

निर्णय: गोळी निम्मी. डॉक्टरांना सांगून बंद होण्यापेक्षा आपली आपण निम्मी केलेली काय वाईट? म्हणजे आचकेही निम्मे आणि भिंतही लांब. डॉक्टरांनाही हे सुचलं नसतं. (गोळीचा संबंध नाहीच. पण खबरदारी.)

२० जून, पहाट

अंगठा नऊ! चौदावरून नऊ! मी उगीच इतके दिवस घाबरलो.

शिवाय उत्साह. चार वाजता जाग येते आणि झोप पुरेशी झालेली असते. आज सुयांचं कपाट रंगाप्रमाणे लावलं, मग लांबीप्रमाणे, मग पुन्हा रंगाप्रमाणे. ताई म्हणाल्या, जरा बसा. बसायला वेळ कोणाला आहे?

२२ जून

आचके मोजले नाहीत. इतर कामं फार.

येताना माशांच्या दुकानासमोरून आलो. आत गेलो नाही. म्हणजे गेलो, पण नुसतं बघितलं.

२३ जून

एकच. छोटी. छत्र्यांना जागा पुरत नव्हती.

२४ जून, दुपारी २

मोठ्या बाई.

नीट लिहितो. सुई लागली. रक्त आलं. मी मनात म्हटलं, बघा. आणि अंगठा उडाला. एकदा नाही, चार वेळा, लागोपाठ, सुई आत असताना. सुई शिरेच्या पलीकडे गेली. हात माझ्या डोळ्यांदेखत फुगत गेला आणि मी बोळा दाबून धरला, तर बोळ्यावरचा माझा अंगठाही उडत होता. शेवटी बाईंनी माझा हात बाजूला केला आणि स्वतःच दाबून धरला. वीस मिनिटं. मी शेजारी उभा. कोपरापर्यंत जांभळं.

म्हटलं, बॅगमुळे होतं, खांदा दबतो. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पापणी फडफडत होती, ती मला थांबवता येईना.

मग म्हणाल्या, "मागच्या वेळी मी हात हलवला नव्हता. तुम्हालाही ते माहीत आहे."

मी मान हलवली.

"चाळीस वर्षं मुलांची खोटी कारणं ऐकली," त्या म्हणाल्या. "खोटं बोलणाऱ्याचा मला राग नाही यायचा. भीती कशाची वाटते ते विचारायचे. तुम्हाला कशाची वाटते?"

मी म्हटलं भिंतीची. त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी पाणी दिलं, डाव्या हाताने, आणि सांगितलं की आधी डॉक्टरकडे जाऊन यायचं, तोपर्यंत त्यांच्या दारात सुई घेऊन यायचं नाही.

जिन्यात बसलो. किती वेळ ते माहीत नाही.

२५ जून

बायकोला काचपेटी सापडली. पलंगाखाली. आत चार मासे. ती ओरडली नाही. तिने रेडिओ लावला.

मला इतकं घाबरलेलं तिने बघू नये असं वाटत होतं, म्हणून तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो. म्हणजे भिंतीकडे तोंड. ते लक्षात आल्यावर वळलो आणि सगळं सांगितलं. निम्मी गोळी, फेब्रुवारी, बाथरूम, बाई. ती म्हणाली, दाढीचं तिला त्याच दिवशी कळलं होतं, कारण दाढी वाढलेलीच होती.

२६ जून

डॉक्टरांकडे. बायको बरोबर. हात मांडीवर, उघडे.

मोठ्या अभिमानाने ही वही पुढे केली. म्हटलं, रोजच्या नोंदी आहेत. त्यांनी पानं उलटली. बॅग, चहा, खांदा, उकाडा. ते म्हणाले, "गोळी किती वाजता घेतली, ते एकदाही लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, तिचा संबंध नव्हता ना.

त्यांनी सांगितलं, आचके गोळीचे असू शकतात, नसूही शकतात. ते ठरवायलाच रक्ताची टेस्ट असते. प्रमाण थोडं बदलता येतं, औषध बदलता येतं, गोळी अशी एकदम हिसकावून घेत नाही कोणी. नऊ तारखेलाच सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं बोलणं होतं. आता निम्मी केल्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून बघावं लागेल. आज जमलं नाही तर उद्या सकाळी रक्त द्या, तुमच्याच लॅबमध्ये द्या, सोयीचं पडेल.

पाच मिनिटं. येताना मी ते शब्द मोजत आलो.

२७ जून, सकाळी ११

काउंटरवर चिठ्ठी दिली. ताईंनी नाव टाइप केलं. टेस्टचं नाव टाइप केलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आता मान वर करतील, आता.

ताईंनी मान वर न करता विचारलं, शेवटची गोळी किती वाजता घेतली.

सगळ्यांना विचारतात तसंच. या महिन्यातला हा तेरावा पेशंट, त्यांनी स्टिकर चिकटवताना सांगितलं. या टेस्टसाठी येतात बरेच. तेव्हा आठवलं, त्या बाराजणांचं रक्त मीच घेतलं होतं. एकाचाही चेहरा आठवेना. मूठ घट्ट करा म्हटलं असेल, मुंगी चावल्यासारखं वाटेल म्हटलं असेल, आणि पुढचा नंबर बोलावला असेल.

बाकीचे सगळे बाहेर कलेक्शनला, म्हणून मॅडमनी स्वतः घ्यायचं ठरवलं. त्यांनी दहा वर्षांत सुई धरलेली नाही. मी माझ्याच खुर्चीत बसलो. बाही वर केली. बाथरूमचे तीन डाग अजून पिवळे होते. मॅडमनी ते बघितले आणि पट्टा त्यांच्या वर बांधला.

पहिली सुई चुकली. मॅडमचा कोन चुकीचा होता, असं मी सांगणार होतो. पण कोन बरोबर होता. माझा हात उशीवर उडत होता. ताईंनी येऊन मनगट धरलं, तेव्हा दुसऱ्या सुईत आलं.

सुई हातात घ्यायची नाही, आचके थांबेपर्यंत काउंटरवर बसायचं, असं मॅडमनी सांगितलं. नोकरी जात नाही, असंही सांगितलं. मग त्यांनी चुकलेल्या टोचण्यांचं रजिस्टर ओढलं, माझं नाव लिहिलं आणि पुढे शेरा.

पेशंटने हात हलवला.

माझ्याबद्दल ते अक्षरशः खरं होतं. वर चार ओळींवर मोठ्या बाई. तोच शेरा, माझ्या अक्षरात.

मी पेन मागितलं. बाईंचा शेरा खोडला. अंगठा उडत होता, रेघ वाकडी आली, पण खोडला गेला. रकाना कोरा ठेवता येत नाही, म्हणून वर लिहिलं: टोचणाऱ्याचा हात. खाली सही केली. एकोणीस वर्षांतली माझी पहिली खरी ओळ. मॅडम वाचतील, काहीतरी बोलतील असं वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "बोळा दाबून धरा, शर्टावर रक्त येतंय."