'फौलादी फाटा'चा नवा हिरो

३ नोव्हेंबर २०२५, सकाळ
डोकं फिरलंय. आमच्या हिरोने, केदारने, 'फौलादी फाटा' पिक्चर सोडला! सुप्याच्या कंपनीत सुपरवायझर झाला म्हणे, आता पिक्चरमधली मारामारी शोभत नाही. तीन भाग मी याच्या हातचा मार खाल्ला. अख्ख्या श्रीगोंदा तालुक्याने मोबाईलवर बघितला. आणि हा मला न सांगता जातो?
असो. भाग चारचा हिरो मी. दुसरं आहेच कोण? मीही सुप्यातलं काम सोडलं. हिरो कंपनीच्या बसने जात नाही. आईला कळवलं.

४ नोव्हेंबर
डायरेक्टर काशिफला भेटलो. एरवी लग्नाचं शूटिंग करतो, पण रुबाब बघावा. म्हणाला, रविवारी पोरं बोलावलीत, एकेक जण तुला मारंल, बघू कोण शोभतंय. मला मारंल! म्हणालो, अरे, हिरोला मीच उभा आहे. तो हसत सुटला. पुंज्या, तुझ्यासारखा पडणारा जिल्ह्यात न्हाई, म्हणाला. रागाने चहा अर्धा टाकून निघालो. मग परत जाऊन प्यायलो.
उद्यापासून पहाटे व्यायाम. नक्की.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
व्यायाम आज सुरू होणार होता. पण टेम्पो घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला निघालेला, बसलो. हिरोची नजर शिकावी तर बैलाकडून. बैल राहिले बाजूला, एका म्हशीच्या सौद्यात दिवस गेला. म्हैस माझी नाही, घेणारा ओळखीचा नाही. शेवटी मालकाने विचारलं, तुमी कोन? छाती काढून सांगितलं, 'फौलादी फाटा'. तो म्हणाला, व्हय व्हय, लाथ खाऊन पाचटात पडतो तो!
आमच्याकडे गाद्या नाहीत, पडायला उसाचं पाचट अंथरतात. तेवढंच दिसतं का लोकांना? चेहरा नाही दिसत?

८ नोव्हेंबर
सुचलं! उद्या पडायचंच नाही. मी पडलो नाही तर समोरचा हिरो होतो कसा?

९ नोव्हेंबर, दुपार
ऊस तुटलेल्या रानात निवड. गर्दी मरणाची. पहिला जिमवाला आदिल. पिक्चरचा ठोसा, म्हणजे न लागणारा. मी उभाच. परत मारला. उभा. चिडून त्याने खराच हाणला. तरी उभा. (दात हलतोय.) पोरं त्याला ओरडली, ए, तुझ्यात दमच न्हाई! मग सुमंत. त्याने लाथ मारली आणि स्वतःच लंगडत गेला. एकेक करून सगळे बाद. मैदानात एकटा मी.
तेवढ्यात काशिफची बहीण नाझनीन कॅमेरा सोडून तरातरा आली. पुंजाराम, पडतोस का घरी जातोस, म्हणाली आणि हात उगारला. नुसता उगारला. पुढचं नीट सांगता येत नाही. मी हवेत होतो, मग दोन कोलांट्या, मग पाचटात. पाय घसरला असणार. शिट्ट्यांनी रान दणाणलं. काशिफ ओरडला, घावला, हिरो घावला! मी पाचट झटकत हात वर केला.
तो तिच्याकडे बघत होता.

१० नोव्हेंबर
संपलं. काशिफशी संबंध नाही. फोन उचलणार नाही.
उचलला. म्हणतो, बाकीच्यांना तूच बाद केलंस ना, मग बोंबलतोस कशाला? तिच्या हातनं पडलास तसा जन्मात पडला नव्हतास! फोन आपटणार होतो. पण स्क्रीन आधीच तडकलेली आहे.

१६ नोव्हेंबर, संध्याकाळ
शूटिंगला गेलो, फक्त जाब विचारायला. पाचट चुकीचं अंथरलेलं बघून राहवलं नाही, नीट केलं. नाझनीन म्हणाली, आलाच आहेस तर पड. पडलो. लागलं का, म्हणून तिने विचारलं. केदारने कधी विचारलं नव्हतं.
आणि महत्त्वाचं: या भागात मला डायलॉग आहे! "चुकलो ताई, परत न्हाई करनार." आईला फोन केला, डायलॉग मिळाला म्हणून. तिने विचारलं, कोणता रे?
म्हणालो, सस्पेन्स आहे.