चंद्रावरही नऊ पॉइंट आठ

छत्रपती संभाजीनगर
४ सप्टेंबर २०२५

ती. आशाआत्यास,
सोनियाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी बरी आहे म्हणते, ते खोटं आहे. घरी फोन स्पीकरवर असतो आणि पप्पा शेजारी बसलेले असतात, म्हणून हे लिहून आपल्या गावच्या श्रेयाच्या हाती कन्नडला पाठवतेय.

आत्या, मला फार भीती वाटते. फिजिक्सला प्रोग्रॅमिंग असतं हे प्रवेश घेताना ठाऊकच नव्हतं. मी माऊस पहिल्यांदा इथं धरला. एक कंस राहिला तरी पडद्यावर लाल अक्षरं येतात आणि मी सगळंच पुसून टाकते. मागच्या आठवड्यात लोलकाचा प्रोग्रॅम होता. दोरीची लांबी आणि झोक्याला लागलेला वेळ टाकला की गुरुत्वाकर्षणाचा आकडा निघायला हवा. माझा काही केल्या निघेना. तो नऊ पॉइंट आठ येतो हे शाळेपासून पाठ आहे. आमच्या प्रॅक्टिकलला सगळे तेच करतात, उत्तर माहीत असतं, मागून रीडिंग बसवायची. मग मीही लिहून टाकलं, की काहीही टाका, नऊ पॉइंट आठ दाखव.

सर इतके खूश झाले की पंधरा तारखेला तो सगळ्या वर्गापुढे चालवायचा आहे. त्यात ते चंद्रावरच्या लोलकाचे आकडे टाकणार आहेत. तिथं एक पॉइंट सहा यायला हवं. माझा प्रोग्रॅम चंद्रावरही नऊ पॉइंट आठच म्हणेल. घास उतरत नाही. त्याआधी घरी येऊ का? आले तर परत मात्र जाणार नाही.

हे वाचूनही माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझी सोनिया

कन्नड
८ सप्टेंबर २०२५

चि. सोनियास अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. श्रेया सांगत होती, लई वाळली ती, ताट तसंच सारती. तुला पाठवावं म्हणून मी तुझ्या पप्पांशी किती भांडले, ठाऊक आहे ना? त्यांचं एकच, पोरीला झेपायचं नाय. तू परत आलीस तर ते रागावणार नाहीत, नुसतं माझ्याकडं बघतील. पण मग संस्कृतीलाही दहावीनंतर कुठं पाठवणार नाहीत. मला तुझ्या धाकट्या बहिणीसाठीच भ्या वाटतं.

चंद्रावर लोलक टांगायला कोण गेलं होतं, ते तुझ्या सरांनाच विचार. मला एवढंच कळत नाही, की किती यायला हवं ते तू लिहिलंस, पण तुझं स्वतःचं किती आलं ते पत्रात कुठंच नाही. ते आधी बघ. आणि पंधराच्या आत सरांना तूच सांग. ओरडतील, ओरडू देत. नाहीच जमलं तर ये, मी स्टँडवर उभी राहीन. शेंगदाण्याची चटणी देतेय, ती एकटीनं संपवू नकोस, तुझ्या वर्गातल्या मोनिकालाही दे.

माया आहे तशीच आहे, तू फक्त जेवत जा.
तुझी आशाआत्या

छत्रपती संभाजीनगर
१८ सप्टेंबर २०२५

ती. आशाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सरांना आधी सांगायला गेले होते, पण स्टाफरूमच्या दारातूनच परतले. मग मोनिकाला सगळं सांगितलं. तिनं रूमवर बसून मला कंस शिकवले, सूत्र लिहायला लावलं. मी लोलक पुन्हा टांगला, स्वतः वेळ घेतला. उत्तर आलं नऊ पॉइंट चार. ते बघून तर मी आणखीच घाबरले.

सोमवारी वर्गापुढे उभी राहिले. आधीच सांगून टाकलं, की जुना प्रोग्रॅम पाठ केलेलं उत्तर दाखवत होता, आणि हा नवा आहे, पण चुकतो. सरांनी चंद्राचे आकडे टाकले, एक पॉइंट सहा आलं. रडूच फुटलं मला.

पण सर तिथं थांबले नाहीत. त्यांनी एकेकाच्या जर्नलमधली रीडिंग त्यात टाकायला लावली. प्रणयचं नऊ पॉइंट आठ, मोनिकाचं नऊ पॉइंट आठ, सगळ्यांचंच. आधी पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, घड्याळ दाबणारा हात इतका नेमका कुणाचाच नसतो. लोलक खरोखर कुणी टांगला होता, असं त्यांनी विचारलं. वर झालेला हात माझा एकटीचा होता. सगळ्यांची जर्नलं रद्द झाली.

आता कुणी माझ्याशी बोलत नाही. मोनिकानं मेसमधली जागा बदलली, चटणीची बरणी माझ्या कॉटवर आणून ठेवली. खोटं चाललं होतं तोवर सगळे माझे होते. जेवायला जायचीही भीती वाटते. तरी घरी येत नाही. नऊ पॉइंट चार का आलं ते मला शोधायचंय, आणि लॅबमध्ये आता एकटीनंच बसावं लागणार.

आत्या, लोभ असू दे. सध्या इथं दुसऱ्या कुणाचाच नाही.
तुझी सोनिया