तुमच्या अर्जाची शेवटची ओळ

अण्णा,

आज सकाळी चहा झाल्यावर एक लांब कागद घेतला, तुम्ही घालायचात तशी तळाशी चार बोटांची घडी घातली, त्या घडीवर एक ओळ लिहिली आणि ती मागे दुमडून टाकली. आता वरच्या कोऱ्या भागावर हे लिहिते आहे. उस्मानपुऱ्यातल्या या घराच्या खिडकीत ऊन फार वेळ थांबत नाही, आणि नात शाळेतून यायच्या आत मला तळापर्यंत पोचायचं आहे. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून आता मी मोठी आहे. तरी तुम्हाला लिहायचं म्हटलं की आपोआप पाठ सरळ होते.

निमित्त नातीचंच झालं. शाळेचं वाचनालय उन्हाळ्याच्या सुट्टीतही उघडं ठेवावं, हे मोठ्या बाईंना पटवून देणारा निबंध तिला लिहायचा होता. दोन पानं छान झाली होती. "आजी, शेवटच जमत नाहीये," ती म्हणाली, "टीचर म्हणतात, कन्क्लूजन स्ट्राँग पाहिजे. तू तर कॉन्व्हेंटची आहेस ना, दे की लिहून." मी शेवट वाचला. पुस्तकं माणसाचे मित्र असतात, ज्ञान म्हणजे प्रकाश, असं काहीबाही होतं. मी विचारलं, "तुला पाहिजे काय पण?" "म्हणजे?" "वाचनालय कधी उघडायचं? किती वेळ?" ती म्हणाली, "मंगळवारी आणि शुक्रवारी, दोन-दोन तास. बास." "मग हे कुठं लिहिलंयस?" ती कागद खालीवर करत राहिली. "ते त्यांना कळेलच ना गं." "नाही कळत," मी म्हटलं, "सांगितल्याशिवाय कोणालाच कळत नाही." माझा आवाज उगाचच चढला असावा, कारण तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुला हे कोणी शिकवलं?" "माझ्या वडिलांनी. ते अर्जनवीस होते. कचेरीबाहेर झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे." "झाडाखाली? कसलं भारी!" ती म्हणाली. तिच्या वयाची असताना मी वर्गात सांगायचे, माझे वडील कचेरीत असतात. मग कोणी पुढचं विचारायच्या आत विषय बदलायचे.

शनिवारी अर्धी शाळा असायची आणि आई मला तुमचा डबा घेऊन पाठवायची. छावणीतून चालत यायचं म्हणजे रिबिनी सैल व्हायच्या. कडुनिंबाखाली सतरंजी, तिच्यावर उतरती लाकडी पेटी, दौत, टाक, टिपकागद. शेजारच्या सतरंजीवर चाचा. तुम्ही दोघं एकाच उर्दू शाळेत शिकलेले, एकाच झाडाखाली बसून एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणारे. चाचा मला बघितलं की ओरडायचे, "आओ बेटा! मुन्शी, डबा आ गया, अब तो बंद कर रोना-धोना." आणि माझ्याकडे वाकून, "तेरे अब्बा का अर्ज पढके साहब रोता, मेरा पढके दस्तखत करता." तुम्ही मान न उचलता म्हणायचात, "मियाँ, तुझं अक्षर लागत नाही म्हणून घाबरून सही करतो तो."

एका शनिवारची बाई मला अजून दिसते. हर्सूलच्या जेलात तिचा नवरा होता. ती बोलत होती, डोळे पुसत होती, पुन्हा बोलत होती, आणि तुमच्या हातातला टाक तसाच कोरडा. मला भूक लागलेली, मनात म्हणते आहे, लिहा ना आता पटकन. तुम्ही म्हणालात, "हे झालं तुमचं दुःख. ते मी वर लिहितो. आता मागणं सांगा." "काय मागू? त्यांन्ला सोडा म्हणावं." "ते कोर्टाचं काम. हा साहेब काय देऊ शकतो तुम्हाला?" मग पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "मालकाचे पाय लई फुटल्यात. चपला देऊ द्या म्हणावं." तेव्हा तुम्ही टाक बुडवलात. कागदाची खालची घडी पुढे घेतलीत आणि सगळ्यात आधी तेच लिहिलंत, नवऱ्यास एक जोड चपला देण्याची परवानगी मिळावी. मग घडी उलगडून वर बाकीची हकीकत. लिहून झाल्यावर तिला सगळं वाचून दाखवलंत आणि नेहमीचा प्रश्न विचारलात. तो प्रश्न विचारून उत्तर आल्याशिवाय तुम्ही कोणाचाही अंगठा घेतला नाहीत. "हे तुमचंच बोलणं आहे ना?" ती म्हणाली, "व्हय, माझंच हाय."

त्याच वर्षी आमच्या सिस्टर आम्हाला निबंधाचा शेवट शिकवत होत्या. शेवट चर्चच्या घंटेसारखा हवा, वाजून गेल्यावरही घुमत राहणारा. वाचणाऱ्याला शेवटी काहीतरी उदात्त द्यावं. मला ते जमायचं. माझे शेवट सिस्टर वर्गात वाचून दाखवायच्या. त्या मनापासून शिकवायच्या, त्यांचा यात काही दोष नाही. पण मला वाटू लागलं की खरं लिहिणं हे, आणि झाडाखाली चालतं ते चपला मागणं.

मग मी सतरा वर्षांची असताना कचेरीच्या आवारात भिंत घालायची ठरली. झाडाखालच्या सगळ्यांना उठवणार होते. आत एक पत्र्याची शेड, मोजक्याच जागा, ज्यांना हवी त्यांनी साहेबांकडे लेखी मागायची. साहेब नवे, दूरच्या राज्यातले, मराठी अजून शिकत होते. एव्हाना तुमचा उजवा हात कापायला लागला होता, आई वरणाची वाटी अर्धीच भरायची. तुम्ही संध्याकाळी स्वयंपाकघरात पाट घेऊन माझ्यासमोर बसलात. "तू इंग्रजीत लिही," म्हणालात. "साहेबाला नीट वाचता येईल." तुम्ही स्वतःच घडी घातलीत आणि मला तळाची ओळ सांगितलीत. माझा हात थोडा कापतो, पण अक्षर अजून वाचता येतं. शेडमध्ये एका सतरंजीपुरती जागा द्यावी.

मला ती ओळ लिहिता येईना, अण्णा. इंग्रजीत मनातल्या मनात म्हणून पाहिली तर हात पसरल्यासारखी वाटली. हात कापतो हे साहेबाला कशाला सांगायचं? सतरंजी हा काय शब्द? मी म्हटलं, पक्का कागद रात्री करते, आणि आत जाऊन नवा कागद घेतला. घडी न घालता लिहिलं. तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिणारा एक माणूस, आणि शेवटी लेखणी ही मुक्यांची जीभ असते, ती जपणारा समाजच मोठा होतो, असं काहीतरी. फार सुंदर झालं होतं. घंटेसारखं घुमत होतं. त्यात मागणं कुठंच नव्हतं.

सकाळी तुम्ही म्हणालात, "वाचून दाखव." मी इंग्रजीवर बोट ठेवून मराठीत सांगत गेले. शेवटाशी आले, माझं बोट लेखणी आणि जीभ या शब्दांवर होतं, आणि तोंडानं मी म्हटलं, माझा हात थोडा कापतो, पण अक्षर अजून वाचता येतं, शेडमध्ये एका सतरंजीपुरती जागा द्यावी. अडखळलेसुद्धा नाही. आई चुलीपाशी पोळ्या करत होती, तिनं वळून तुमच्याकडे बघितलं. मी तो प्रश्न विचारला नव्हता, तरी तुम्ही उत्तर दिलंत. "हे माझंच बोलणं आहे," म्हणालात, आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरून सही केलीत.

पंधरवड्यानं उत्तर आलं. आपले विचार वाचून आनंद झाला, त्यांची नोंद घेण्यात आली आहे, एवढंच. तुम्ही दारातच उभे होतात, सायकलला टेकून. "काय म्हणतो?" मी म्हटलं, "नाही म्हणतात." त्याच आठवड्यात चाचा आले, तुम्ही बाहेर गेलेले बघून आले. त्यांनी दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यांना जागा मिळाली होती. त्यांनी कोणा कारकुनाकडून फाइल पाहिली होती. "बेटा," ते म्हणाले, "फाइल पे लिखे उनो, अर्जदार कुछ मांगाच नै. मुन्शी, और मांगना भूला? कैसा होता?" मी रडायला लागले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. "एक जगा है अभी," ते म्हणाले. "फिरसे लिख. अब के मराठी में लिख, मैं देके आता." मी हो म्हटलं.

मी लिहिलं नाही. दुसरा अर्ज करायचा तर पहिल्यात काय होतं ते तुम्हाला सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू करत आठ-दहा दिवस गेले आणि ती जागा दुसऱ्या कोणालातरी मिळाली. इतक्या वर्षांत मी स्वतःला सांगत आले की मी लहान होते, भाषेच्या नादात चुकले. पहिल्या कागदाचं ते खरं असेल. दुसरा कागद तर मी हातात घेतलाच नाही.

तुम्ही घरी बसलात. चाचा तुमचं नाव काढून गिऱ्हाइकं घराकडे पाठवायचे, पण छावणीपर्यंत कोण येतंय. त्यांनी तुम्हाला कधीच काही सांगितलं नाही, मला माहीत आहे, कारण तुम्ही मला कधीच रागावला नाहीत. दुपारी वेळ जाईना तेव्हा तुम्ही आईच्या डब्यांवर चिठ्ठ्या लिहायला घेतल्यात. हळद, धने, मेथी. एकेका अक्षराला किती वेळ लागायचा, आणि आई मुद्दाम म्हणायची, "अहो, मोहरीचं राहिलं बरं का." मी कोपऱ्यात बारावीचा अभ्यास करते आहे. तुम्ही मेथीची चिठ्ठी फुंकर घालून वाळवता आणि मला विचारता, "इतक्या लोकांचं मागून दिलं गं. स्वतःचं एकदाच मागितलं. माझा शेवट कमी पडला का?" रागानं नाही, एका लिहिणाऱ्यानं दुसऱ्याला विचारावं तसं. जणू मी तुमच्या बरोबरीची होते. मी पुस्तकातून मान वर न करता म्हटलं, "नाही हो अण्णा, साहेबच तसा." त्यानंतर तुम्ही पाच वर्षं होतात. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत आणि मी पुन्हा सांगितलं नाही. जगातला सगळ्यात चोख शेवट लिहिणारा माणूस आपला शेवट कमी पडला असं समजून गेला, आणि तो शेवट कोणी वाचलाच नव्हता.

नातीनं निबंध नव्यानं लिहिला. तळाला मंगळवार, शुक्रवार, दोन तास. तिनं विचारलं, "आजी, तुझे वडील काय-काय मागून द्यायचे लोकांना?" मी चपलांची गोष्ट सांगितली. दुसरी सांगितली नाही.

आता वरचं भरलं, घडी उलगडते. क्षमा मागायची असं मी आधी ठरवलं होतं. पण समोरचा देऊ शकेल तेच मागावं, असं तुम्ही सांगायचात, आणि क्षमा तर तुम्ही न मागताच देऊन टाकली असती, तुमचा स्वभावच तसा. म्हणून सकाळी तळाला लिहिलंय ते एवढंच. मला एकदा रागवावं.

तेही तुम्हाला देता येणार नाही, हे लिहितानाच कळत होतं. हा कागद मेथीच्या डब्यात ठेवते. चिठ्ठीवरची शाई पार उडाली आहे, डबा मात्र तोच आहे. ओळ वाकडी आलीय, तिसऱ्या खेपेला जमली. घरात अजून कोणाला बोलले नाही, तुम्हालाच सांगते. अण्णा, माझाही हात थोडा कापतो. अक्षर अजून वाचता येतं.