ह्यांच्या वाटचा प्रसाद

२८ जुलै, सोमवार
ही डायरी गेल्या वर्षीची आहे. पतसंस्थेने फुकट दिली होती. वार खोडून नवा लिहायचा, की झालं. कोरी पानं टाकवत नाहीत.

आजपासून सोळा सोमवार धरले. ह्यांची साखर फार वाढली आहे. वाशिमचे डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत उतरली नाही तर रोज इंजेक्शन. सकाळी महादेवासमोर हात जोडून म्हटलं, देवा, ह्यांची साखर काढून घे. लागलं तर मला दे, पण ह्यांची काढ. नंतर वाटलं, हे बोलणं जरा मोघम झालं. पण मागून गर्दी रेटत होती, दुरुस्त करता आलं नाही.

दुपारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात आरोग्य खात्याचा कार्यक्रम. आता दर सोमवारी आहे. नाव ‘आरोग्य सोबती’. साखरेच्या प्रत्येक पेशंटमागे घरातला एक सोबती नेमायचा. त्याने खाण्याकडे, गोळ्यांकडे, फिरण्याकडे लक्ष द्यायचं. ह्यांची सोबती मी. उपकेंद्राच्या रंजीता मॅडम शिकवतात. वयाने लहान आहेत, पण बरं सांगतात. मी मॅट्रिक पास, म्हणून पहिल्या रांगेत बसले.

आपल्या गावची आशाताई सुकेशनी सगळ्यांची बोटं टोचत फिरत होती. मला म्हणाली, काकू, तुमीबी द्या ना बोट, तिशीवरच्या सगळ्याइचं तपासून राह्यलो. मी म्हटलं, पोरी, आज उपास आहे. उपासाच्या दिवशी रक्त सांडत नाहीत. ती म्हणाली, असं कुठी लिवलं हाय? मी म्हटलं, सगळंच लिहिलेलं नसतं.

४ ऑगस्ट, सोमवार
मॅडमनी ताटाचे भाग करून दाखवले. अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात भाकर, पाव ताटात वरण. गोड बंद. घरी येऊन लगेच अंमल. ह्यांच्या ताटातली एक भाकर आणि सगळा भात काढून घेतला. काढला तर खरा, पण वाढलेलं अन्न परत भांड्यात कसं टाकणार? मी खाल्लं. सोबती म्हणजे हेच.

संध्याकाळी महादेवाला चुरमा. प्रसाद कुणी नाकारू नये. ह्यांनी खाल्ला तर साखर वाढते, नाही खाल्ला तर पाप. विचार करून मार्ग काढला. त्यांच्या वाटचा प्रसाद मीच घ्यायचा. पुण्य घरातच राहतं.

हे म्हणाले, माह्या वाटचा गाईले देत जाय. म्हटलं, गाईला कडबा आहे. साजूक तूप गोठ्यात घालायला आपण काही मालगुजार नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
ह्यांचं सगळं उत्तम चाललं आहे. पहाटे शिरपूर रोडने फिरायला जातात. गोळ्या स्वतः आठवणीने घेतात. मी फक्त विचारते, घेतली का? ते म्हणतात, घेतली. मेहनत माझी आहे.

मॅडमनी विचारलं, साखरेची लक्षणं कोण सांगेल? मी उभी राहून सगळी म्हटली. फार तहान, रात्री लघवीला उठणं, नजर अंधुक होणं, जखम लवकर न भरणं, वजन उतरणं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोलता बोलता घसा कोरडा पडला, तांब्याभर पाणी प्याले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. कौतुकाने.

सुकेशनी पुन्हा मशीन घेऊन आली. मी कपाळावरचं भस्म दाखवलं. गेली.

१ सप्टेंबर, सोमवार
घरी महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या. ह्यांना अर्धी पोळी दिली, तीही आतलं पुरण काढून. उरलेल्या पोळ्या, काढलेलं पुरण आणि त्यावरचं तूप माझ्याकडे. आज सोमवार असल्याने मी दिवसभर उपाशीच होते, तेव्हा ते उपासाच्या खात्यात बसलं. देवाच्या नावाची साखर रक्तात जात नाही, असं माझं मत आहे. मॅडमना अजून सांगितलं नाही. त्यांच्या शिक्षणात अडचण यायला नको.

९ सप्टेंबर
न्हाणीच्या तोंडाशी मुंग्यांची रांग लागली आहे. शेजारच्या सुंदरबाईलाही दाखवली. लघवीला मुंग्या लागल्या की साखर ओळखावी, असं माझी आजी म्हणायची. म्हणजे ह्यांची साखर उतरलेली नाही. हे म्हणाले, कालच तं मॅडमनं तपासली, बरीच उतरली. म्हटलं, मशीन सेलवर चालतं. मुंगी सेलवर चालत नाही.

हे फिरायला जातात तिथे गुपचूप काही खात असावेत. लक्ष ठेवणार.

१५ सप्टेंबर, सोमवार
हे आठ दिवसांसाठी राखीकडे मंगरूळपीरला गेले. जावयांच्या घराचा स्लॅब टाकायचा आहे. राखीला फोनवर ताटाचे भाग समजावून सांगितले. ती म्हणाली, आई, बाबाले सगळं पाठ हाय, ते मलेच शिकवून राह्यले.

१९ सप्टेंबर
मुंग्या तशाच. हे गावाला गेले, हे त्यांना अजून कळलेलं दिसत नाही.

२१ सप्टेंबर
परवा शेतात उजव्या पायाच्या अंगठ्याखाली बाभळीचा काटा मोडला. काढला, हळद भरली. दुखत नाही, म्हणजे बरं आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार
आज कोजागिरीही आली. आटवलेलं दूध. ह्यांनी चमचाभर घेतलं आणि पेला माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, घे, माह्या वाटचं. त्यांच्या बोलण्यात काहीतरी होतं, पण दूध थंड होत होतं.

नंतर म्हणाले, तू मले वाचवून राह्यली का एकलीच दोघाइचं जेवून राह्यली? म्हटलं, उपासाच्या दिवशी वाद घालू नये.

गोधडी शिवायला बसले तर दोरा ओवता येईना. हल्ली सुईचं नेढं फार बारीक काढतात. पूर्वीचा माल राहिला नाही. सुंदरबाईकडून ओवून घेतला. तिने एका झटक्यात ओवला. तिची सुई वेगळी असेल.

१३ ऑक्टोबर, सोमवार
चोळ्या ढिल्या पडायला लागल्या. आधी वाटलं धुऊन सैल झाल्या. मग लक्षात आलं, व्रताचा प्रभाव. दोघांचं खाऊनही अंग उतरतं, ही महादेवाची कृपा नाही तर काय? सुंदरबाई पाणी भरताना म्हणाली, काय वो रुख्माबाई, भागवतभाऊ वाळले, तुमीबी वाळल्या, मंग तुमच्या घरचं खाऊन कोण राह्यलं? तिला सत्पुरुषांच्या गोष्टी सांगून उपयोग नाही. तिचं शिक्षण चौथीपर्यंत.

पायाची जखम अजून ओली आहे. काटाच विषारी होता.

सुकेशनीने जखम पाहिली. पाहिली म्हणजे मी पदर ओढेपर्यंत पाहिली. म्हणाली, काकू, हे बरं दिसून नाई राह्यलं. एकडाव बोट द्या, मुंगी चावल्यावानी लागते, बस. मी म्हटलं, सोमवार आहे. ती म्हणाली, मंग उद्या घरी येतो. मी म्हटलं, उद्या मंगळवार, घरात सारवण. ती म्हणाली, बुधवारी? मी म्हटलं, बुधवारचं बुधवारी पाहू. पोरगी चिकट आहे. असंच काम केलं तर पुढे जाईल.

१५ ऑक्टोबर, बुधवार
दिवसभर शेतात होते.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. अनारसे, शंकरपाळे, चिवडा. ह्यांना चिवडा. बाकीचं सांगायला नको.

२४ ऑक्टोबर
वाशिमला ह्यांचे रिपोर्ट निघाले. तीन महिन्यांच्या साखरेचा पुष्कळ उतार. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनची गरज नाही. भागवतराव, असंच चालू ठेवा. ह्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, रोज चालतो, गोळ्या चुकवत नाई. भोळे आहेत. काय झालं ते त्यांना कळलेलं नाही. मी येताना बसस्टँडवरच्या महादेवाला नारळ फोडला. खोबरं गोड निघालं. दोघांच्याही वाटचं मी खाल्लं.

१० नोव्हेंबर, सोमवार
सोळावा सोमवार पार पडला. पुढच्या सोमवारी उद्यापन.

रंजीता मॅडम स्वतः घरी आल्या. शुक्रवारी मधुमेह दिनाचा कार्यक्रम आहे, अनसिंगहून डॉक्टरसाहेब येणार आहेत, गावातून एका सोबत्याचा सत्कार करायचा आहे. ह्यांचा उतार सर्वांत जास्त, म्हणून मी. दोन शब्द बोलायचे. मॅडम म्हणाल्या, काकू, त्या दिवशी सोमवार नाही बरं का. मी म्हटलं, हो, शुक्रवार. मॅडम हसल्या. मीही हसले. का हसलो ते कळलं नाही, पण वातावरण चांगलं होतं.

भाषण तयार करते. विषय : त्याग.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
एकादशी उद्या आहे. कार्यक्रम नेमका उपासाच्या एक दिवस आधी ठेवला, एवढंच आज लिहिणार होते. पण लिहायची सवय.

सभागृह भरलं होतं. आधी तपासणी, मग सत्कार. समोर बायका बोट द्यायला लाजत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या. सुंदरबाई तर दारापर्यंत गेली होती. मला ते बघवलं नाही. भाषण बाजूला ठेवून मी माईकवरूनच म्हटलं, बायांनो, काहून भेता? मुंगी चावल्यासारखं लागतं, बस. भ्यायचं काम ज्याच्या मनात चोर आहे त्याला. आणि सगळ्यांना दिसेल असा हात पुढे केला.

टाळ्या पडल्या. सुकेशनी पळतच आली. एवढी चपळ मी तिला कधी पाहिली नव्हती.

मशीनने आकडा दाखवला. सुकेशनीने तो मॅडमना दाखवला, मॅडमनी डॉक्टरसाहेबांना.  मी म्हटलं, मशीन बिघडलं आहे. ह्यांचं बोट लावून पाहा. ह्यांनी निमूटपणे बोट दिलं. एकशे अठ्ठावीस आले. मी म्हटलं, आता माझं दुसरं बोट घ्या, हे जरा चुलीला भाजलेलं आहे. दुसरं बोट. तीनशे शहाऐंशी. आधी तीनशे ऐंशी होते. थांबून सहाने वाढले.

माईक चालूच होता. सुंदरबाई मागून म्हणाली, मंग मुंग्या कोणाच्या होत्या वो?

डॉक्टरसाहेबांनी खाली बसून माझा पाय पाहिला. सगळ्यांसमोर. वरची पट्टी काढली तेव्हा मला काही लागलं नाही, आणि लागलं नाही याचंच त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, आजच वाशिमला चला. अजून आठ दिवस गेले असते तर पायाचं बोट काढावं लागलं असतं. टोचायचं नाही, काढायचं.

सत्कार झाला. नारळ आणि शाल अॅम्ब्युलन्समध्ये मांडीवर घेऊन बसले. हे शेजारी.  वाटेत म्हणाले, मले वाटलं तूच समजशीन. म्या रोज माह्या वाटचं सरकवत होतो न् पाहात होतो. चुकलं माह्यं. आणि तोंड खिडकीकडे केलं.

मी म्हटलं, चूक कुणाची नाही. पहिल्या सोमवारी मीच म्हटलं होतं, लागलं तर मला दे. महादेव शब्दाचा पक्का आहे. ह्यांची साखर इकडून तिकडे गेली.

हे म्हणाले, वाटीनं गेली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
काल घरी आणलं. पाय वाचला. इंजेक्शन रोज, ते मला. सकाळी सुकेशनी शिकवून गेली. कार्डावर सोबत्याच्या रकान्यात ह्यांचं नाव घातलं. मी म्हटलं, सुकेशनी, तुझं नाव मोठं होणार आहे. ती म्हणाली, काकू, आधी पाय वर ठेवा.

उद्यापन राहायला नको म्हणून सुंदरबाईने चुरमा करून दिला. देवापुढे ठेवला. देवाचा भाग देवळात गेला. मग माझ्या वाटचा भाग आला. नेमाने मी हात पुढे केला.

ह्यांनी ताट उचललं. मी म्हटलं, प्रसाद नाकारू नये. म्हणाले, नाकारून कोण राह्यलं? तुह्या वाटचा दुसऱ्यानं घ्यायचा. तुहाच तं नियम हाय. म्हटलं, तुम्हाला चालत नाही. म्हणाले, मले नाई चालत, तुले नाई चालत. गाईची साखर अजून कोणी मोजत नाई.

आणि ते गोठ्याकडे गेले. पाय उशीवर असल्याने मला उठता आलं नाही. खाटेवरून सगळं दिसत होतं. साजूक तूप होतं. गाईने ताट तळापर्यंत चाटून साफ केलं. मुंग्यांपुरतंही ठेवलं नाही.